मोर्चा : खंदकातून रस्त्यावर

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो आणि मराठी वर्तमानपत्रे रोज वाचतो. त्यात एका शब्दाने आम्हाला बरेच दिवस गुंतवून ठेवले आहे : मोर्चा. हा फारसी ‘मूरचाल’चा वंशज. अर्थ खंदक, वेढ्यात तोफा मांडण्याची जागा. उर्दूत आजही मोर्चा म्हटला की आडोशाला बसलेला सैनिक डोळ्यांपुढे येतो. बखरींतही किल्ल्याला मोर्चे लागतात.

मराठी बातम्यांत मात्र मोर्चा चालतो, घोषणा देतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून शेतकरी पायी मुंबईला आले, तो मोर्चा. दडून बसण्याच्या जागेचे नाव उघड्यावर, निःशस्त्र चालणाऱ्यांना मिळाले! इंग्रजी ‘मार्च’शी जुळणाऱ्या नादाचाही यात हात असावा.

जुना अर्थ पुसला गेलेला नाही. हवामानाच्या बातमीत पाऊस आपला मोर्चा मराठवाड्याकडे वळवतो, गुन्हेगारीच्या पानावर चोरटे बंद घरांकडे. वळते ती जुनी तोफच. निवडणूक आली की तिकिटासाठी मोर्चेबांधणी; तीही वेढ्याचीच भाषा, आणि फार चपखल.

शिवकाळात राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पुढे सावरकरांच्या भाषाशुद्धीने तारखेला ‘दिनांक’ दिला. मोर्चा जागेवरच राहिला. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी मराठी भाषकांच्या राज्यासाठी मुंबईत फ्लोरा फाउंटनला माणसे जमली, पोलिसांच्या गोळ्यांनी मेली. त्यालाही आपण मोर्चाच म्हणतो.