मॅटाडोर गाडीचे नूतनीकरण

मॅटाडोर गाडीचे नूतनीकरण म्हणजे टेम्पो मॅटाडोर या जुन्या व्हॅनचा गंजलेला पत्रा व सांगाडा दुरुस्त करून, बहुधा मूळच्यापेक्षा अधिक शक्तीचे इंजिन बसवून, ती पुन्हा रस्त्यावर चालण्याजोगी करणे होय. आत झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय केल्यास अशा गाडीला कॅम्पर व्हॅन किंवा कॅराव्हॅन म्हणतात. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत घाटरस्ते, अतिवृष्टी आणि महापूर या तिन्ही गोष्टी जवळजवळ असल्याने या कामाला येथे काही खास अडचणी येतात.

पार्श्वभूमी

नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये जर्मनीतील व्हिडाल उंड सोन टेम्पो-वेर्के या कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पो कंपनीची उभारणी केली. हान्सीट ही तीनचाकी गाडी हे तिचे पहिले उत्पादन. त्यानंतर वायकिंग आणि १९६९ मध्ये मॅटाडोर या चारचाकी गाड्या आल्या. मराठीत लहान मालगाडीला सर्रास ‘टेम्पो’ म्हणतात, तो शब्द या कंपनीच्या नावातूनच रूढ झाला. ‘मॅटाडोर’चेही तेच झाले, पुढे कोणत्याही बंदिस्त व्हॅनला लोक मॅटाडोर म्हणू लागले. जर्मनीत मूळ कंपनी हानोमागकडे आणि मग डाइम्लर-बेन्झकडे गेली, त्यामुळे याच घडणीच्या गाडीवर तिकडे काही वर्षे मर्सिडीजचे चिन्ह होते. बजाज टेम्पोचे नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाले.

दूध, भाजीपाला, द्राक्षाच्या पेट्या, लग्नाचे वऱ्हाड आणि वडापचे प्रवासी अशी सर्व प्रकारची ओझी या गाडीने वाहिली. गाडीतच मुक्काम करण्याची कल्पनाही या भागाला परकी नाही. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सातारा जिल्ह्यात लोणंद, तरडगाव, फलटण या मार्गाने जाते, तेव्हा दिंड्यांचे सामान आणि थकलेले वारकरी ट्रक-टेम्पोच्याच आश्रयाला असतात. कॅम्पर व्हॅन हा शब्द नवा आहे, एवढेच.

मॅटाडोरला पुढच्या चाकांची ओढ असते. इंजिनाची शक्ती मागे नेणारा लांब दांडा (प्रोपेलर शाफ्ट) तळातून जात नसल्याने मागचा तळ सपाट आणि जमिनीपासून कमी उंचीवर राहतो. माल चढवायला ही रचना सोयीची, आणि आत बिछाना व ओटा बसवायलाही. जुनी मॅटाडोर मुक्कामी गाडीसाठी शोधली जाते त्याचे मुख्य कारण हेच आहे.

गंज

महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो; जत आणि आटपाडी हे तालुके मात्र अवर्षणप्रवण आहेत. त्यामुळे गाडी कोठे वापरली गेली यावर तिची अवस्था ठरते. कोयनानगर किंवा शिराळा भागात चाललेली गाडी आणि माणदेशात चाललेली गाडी एकाच वर्षाच्या असल्या, तरी एकाच अवस्थेत सापडतील असे नाही. दुधाच्या गाड्यांचा तळ विशेष कुजतो. सांडलेले दूध आंबून आम्लधर्मी होते आणि पत्र्याच्या दुमडींत साठून राहते.

पुरात बुडालेली गाडी हा वेगळाच प्रकार आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पुराचे पाणी ओसरले तरी गाळ सांगाड्याच्या पोकळ भागांत राहतो, ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून खातो. बाहेरून रंग शाबूत दिसतो. म्हणून अनुभवी मिस्त्री गाडी घेताना रंगाकडे न पाहता टोचा किंवा हातोडी घेऊन खाली वाकतो. ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत. भद्द आवाज आला किंवा टोचा आत गेला तर तो भाग कापावा लागतो.

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम आसने, काचा व अस्तर काढून गाडी उघडी करतात. कुजलेला भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापून त्या मापाचा नवा तुकडा वेल्डिंगने जोडतात, सांधा घासून त्यावर गंजरोधक प्रायमर देतात, किरकोळ खड्डे लांबी भरून सारखे करतात आणि मगच रंग मारतात. लांबी हा फक्त पृष्ठभाग सपाट करण्याचा लेप आहे. भोकावर जाळी ठेवून वरून लांबी भरण्याची पळवाट अनेक ठिकाणी दिसते. अशी गाडी दोन पावसाळ्यांत पुन्हा उघडी पडते. दाराखालच्या पट्ट्यांत किंवा चाकांच्या आधाराच्या जागी असे केले तर प्रश्न दिसण्याचा राहत नाही, प्रवाशांच्या जिवाचा होतो. पोकळ भागांत आतून मेण किंवा तेलाचा थर सोडणे आणि पाणी निचरण्याची मूळ छिद्रे मोकळी ठेवणे ही स्वस्त, पण वारंवार टाळली जाणारी कामे आहेत.

इंजिनबदल

बजाज टेम्पोने १९८२ मध्ये डाइम्लर-बेन्झशी करार करून ओएम ६१६ हे डिझेल इंजिन बनवण्याचा परवाना मिळवला. चार सिलिंडरचे, सुमारे २.४ लिटरचे हे इंजिन १९७३ मध्ये मर्सिडीजच्या मोटारीत प्रथम आले, तेव्हा ते ६५ अश्वशक्ती देत असे. आधीच्या मॅटाडोरांचे इंजिन याहून लहान होते. ओएम ६१६ पुढे ट्रॅक्स आणि ट्रॅव्हलर या गाड्यांतही बसले, त्यामुळे त्याचे सुटे भाग आणि ते उघडून जोडणारे हात सहज मिळू लागले. त्याची ख्याती इतकी पसरली की अँबॅसिडर, काँटेसा आणि जीप या गाड्यांतही ‘मॅटाडोरचे इंजिन’ बसवले जाऊ लागले.

शक्ती किती लागते याचा हिशेब साधा आहे. अडीच टन वजनाच्या गाडीला १५ मीटरमागे १ मीटर असा चढ ताशी ३० किलोमीटर वेगाने चढण्यासाठी चाकांपाशी सुमारे २२ अश्वशक्ती लागते. तोच चढ ताशी ६० किलोमीटरने चढायचा तर दुपटीहून अधिक, कारण हवेचा विरोधही वाढतो. गिअरबॉक्समध्ये आणि इतरत्र होणारी घट धरली, तर ४० अश्वशक्तीची भरलेली गाडी खंबाटकी किंवा पसरणीच्या घाटात ट्रकमागे का रेंगाळते हे उमगते. कपाटे, पाण्याची टाकी आणि गॅसची शेगडी यांनी मुक्कामी गाडीचे वजन आणखी वाढते.

इंजिन मोठे केले की बाकीचे भाग तसेच ठेवून चालत नाही. ट्रॅक्स ही मागच्या चाकांच्या ओढीची गाडी आहे. तिचे इंजिन त्याच कुळातले असले तरी तिचा गिअरबॉक्स मॅटाडोरला लागू पडत नाही. इंजिन आणि मूळ गिअरबॉक्स यांचा मध्य अचूक जुळला नाही, तर क्लचप्लेट आणि बेअरिंग लवकर जातात. जोडपट्टी लेथवर नेमक्या मापाची करून घ्यावी लागते. पुढच्या चाकांना फिरवणाऱ्या दांड्यांवर अधिक जोर येतो, इंजिन जड असल्यास पुढच्या स्प्रिंगा दबतात आणि जुना रेडिएटर घाटात पुरत नाही. ब्रेकचा विचार तर इंजिनाच्या आधी व्हायला हवा. चढावर मिळालेला वेग उतारावर तेच जुने ड्रम आणि लायनर यांनाच आवरायचा असतो. आंबेनळी किंवा कुंभार्ली घाट उतरताना खालच्या गिअरऐवजी केवळ ब्रेकवर विसंबल्यास ड्रम तापतात आणि पकड सुटते.

असे काम करणारे कारागीर या भागात मिळणे नवलाचे नाही. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी उभारलेला अभियांत्रिकी कारखाना, १९१० पासूनची किर्लोस्करवाडी आणि १९७५ मध्ये स्थापन झालेली महाराष्ट्र स्कूटर्स अशा उद्योगांमुळे ओतकाम आणि लेथकाम येथे जुने आहे. कडेगाव तालुक्यातील देवराष्ट्रे या यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावी एका कारागिराने भंगारातील भाग आणि दुचाकीचे इंजिन वापरून लहान जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिची दखल घेतली, ती गाडी नियमांत बसत नाही हेही सांगितले, आणि पुढच्याच महिन्यात तिच्या बदल्यात त्या कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने ठरवलेल्या तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलायचे तर नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता लागते. हा प्राधिकारी म्हणजे साताऱ्यात (एमएच ११), सांगलीत (एमएच १०) किंवा कऱ्हाडात (एमएच ५०) असलेले परिवहन कार्यालय. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गाडीच्या मूळ रचनेत निर्मात्याच्या तपशिलाविरुद्ध बदल करता येणार नाही असे स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे नियमबाह्य बदलाबद्दल मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. व्यवहारात याहून मोठा धोका विम्याचा असतो. प्रमाणपत्रावर एक इंजिन क्रमांक आणि गाडीत दुसरा असल्यास अपघातानंतरचा दावा अडतो. म्हणून इंजिन विकत घेतानाच त्याची पावती आणि ज्या गाडीतून ते काढले तिची कागदपत्रे घेणे आवश्यक ठरते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि तपासणीनंतर ५ वर्षांसाठी वाढवून मिळते; त्याखेरीज पर्यावरण कर भरावा लागतो. ५० वर्षांहून जुन्या बिगरव्यावसायिक गाड्यांसाठी २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ नोंदणीची तरतूद झाली. पहिल्या मॅटाडोर आता त्या वयात आल्या आहेत. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेली गाडी या वर्गात बसत नाही आणि व्हिंटेज गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. त्यामुळे अगदी जुन्या गाडीच्या मालकाला घाट चढणारी मुक्कामी गाडी आणि मूळ रूपात जपलेली गाडी यांपैकी एकीची निवड पत्रा कापण्यापूर्वीच करावी लागते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्येच कॅराव्हॅन पर्यटन धोरणही जाहीर केले आहे.