बिनकामाचा प्रवास

आमच्या महाविद्यालयातून शिकून गेलेली एक विद्यार्थिनी इतिहासाच्या पुढील शिक्षणासाठी इंग्लंडला निघाली. प्रवेश झाला होता, राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळाली होती, फक्त व्हिसा यायचा होता. मधल्या आठ-दहा दिवसांत एकटीने एस.टी.ने आपला धाराशिव जिल्हा पाहावयाचा, असे तिने ठरविले. घरात कोणी अडविले नाही. आजीने तेवढे विचारले, "तिकडं काय काम काढलंस गं?" काम नाही, नुसते पाहून येते, असे नातीने सांगितले. आजीला ते पटेना. "काम नाय तर जायचं कशाला?"

हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असे मला वाटत नाही. त्याच्या पाठीशी काही पिढ्यांचा अनुभव आहे.

आमचे पूर्वज घर सोडून हिंडले नाहीत असे नाही. उलट गावात सर्वांत अधिक पायपीट महाराच्याच वाट्याला आली. वसुलाची रक्कम ठाण्यात पोचविणे, सरकारी टपाल पुढच्या गावच्या हद्दीपर्यंत नेणे, दौऱ्यावरील अंमलदाराचे ओझे वाहणे, मयताची खबर घेऊन सोयऱ्यांच्या गावी धावणे, ही सारी वतनाची कामे. त्यांना रात्र नव्हती, पाऊस नव्हता. पाय आपले, निरोप दुसऱ्याचा. वाटेत किल्ला लागला, बारव लागली, तरी तेथे थांबून पाहण्याचा विचार कोणाच्या मनात येणार? वतन गेले आणि ऊसतोडीची कोयती आली. या जिल्ह्यातून आजही टोळ्या साखरपट्ट्यात जातात. शेकडो मैल जातात, आणि फडाखेरीज काही न पाहता परत येतात. मराठीत प्रवासवर्णनांचे केवढे कौतुक! त्यांत आमचा माणूस शोधला तर बहुधा तो हमालाच्या रूपाने सापडतो.

परदेशी शिकावयास जाण्यापूर्वीचे बाबासाहेबांचे दिवस या दृष्टीने पाहावेत. 1913 च्या जानेवारीत बडोद्याची नोकरी, 2 फेब्रुवारीला सुभेदार रामजींचे निधन, जूनमध्ये बडोदे संस्थानाशी करार आणि जुलैत न्यूयॉर्क. देश पाहून घेण्याची सवड त्यात कोठे होती? लहानपणच्या ज्या प्रवासाची आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे, तो 1901 मधला, वडिलांकडे गोरेगावला जाण्याचा. अंगावर नवे कपडे, मनात आगगाडीचा आनंद. मसूर स्टेशनावर जात कळली आणि दुप्पट भाडे देऊनही गाडी मुलांनाच हाकावी लागली. रात्रभर पाणी मिळाले नाही. ही आठवण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात आहे. ते 1935-36 च्या सुमारास लिहिले गेले आणि पुस्तिका म्हणून 1990 मध्ये प्रसिद्ध झाले. परदेशी विद्यापीठांच्या पदव्या घेतलेल्या माणसाने स्वदेशातील आठवणींना व्हिसाचे नाव दिले, हे लक्षात घ्यावे.

त्यातच 1934 च्या सहलीची हकीकत आहे. तीसेक कार्यकर्ते निव्वळ स्थळे पाहावयास निघाले होते. वाटेत त्रास नको म्हणून त्यांनी सहलीचा गाजावाजा केला नव्हता. ओळख लपवून प्रवास करावयाचा होता. दौलताबादला प्रवासाची धूळ धुण्यासाठी काहींनी किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर हातपाय धुतले आणि एका वृद्ध मुसलमानाने आरडाओरडा सुरू केला. जमाव जमला. अखेर किल्ला पाहू दिला तो सशस्त्र शिपाई बरोबर देऊन, कोठे पाण्याला हात लागू नये म्हणून! बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर होते, गोलमेज परिषदांना जाऊन आले होते.

दौलताबाद आणि आमचे नळदुर्ग, दोन्ही तेव्हा निजामाच्याच राज्यात. नळदुर्गात इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात बोरी नदीवर बंधारा घातला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल काढला. पाऊसकाळात नर-मादी हे दोन धबधबे अंगावरून कोसळतात आणि आत बसलेला माणूस समोर पाण्याचा पडदा पाहतो. ही मुलगी तेथे तासभर बसली. पाण्यात हात घातला. दारावर कोणी जात विचारली नाही, तिकीट विचारले. (एस.टी.त शेजारच्या बाईने मात्र गाव विचारून झाल्यावर आडनावही विचारले आणि मग खिडकीबाहेर पाहू लागली.)

परंड्याच्या तोफा तिने पाहिल्या. त्यांविषयी ती फारसे बोलली नाही. बोलली ती तेरविषयी. प्राचीन तगर ते हेच. येथील कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जाई, असे 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात आहे. आज जे त्रिविक्रमाचे मंदिर आहे, ते विटांचे, मागच्या बाजूस अर्धगोल असे मूळचे बौद्ध चैत्यगृह असल्याचे अभ्यासक सांगतात. तगर म्हणजे तेर हे फ्लीटने दाखवून दिले. शेजारच्या धाराशिव लेण्यांची पाहणी बर्जेसने केली. साहेब आले, पाहून गेले, लिहून गेले. आमच्या माणसाला हे पाहण्यास एवढी वर्षे लागली.

शेवटी ती कसबे तडवळ्याला गेली. 22 व 23 फेब्रुवारी 1941 रोजी येथे महार-मांग वतनदार परिषद झाली आणि बाबासाहेब तिला आले. महार आणि मांग एका मांडवात बसले, ही गोष्ट आपल्यातल्या काहींनी आजही विसरू नये. प्रश्न वतनाचा होता, म्हणजे त्या बिनपगारी पायपिटीचाच. दौलताबादनंतर सात वर्षांनी बाबासाहेब येथे आले ते पाहावयास नव्हे, कामासाठी.

अनुसूचित जातींच्या मुलांना सरकारी पैशाने परदेशी पाठविण्याची सोय बाबासाहेबांनी व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना करून घेतली. केंद्राची परदेश शिष्यवृत्ती 1954-55 पासूनची. पण 2022 मध्ये तिच्या नियमांत एक कलम आले: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास या विषयांसाठी ती मिळणार नाही. कारण असे दिले गेले की हे विषय येथेच चांगले शिकता येतात. मग बाबासाहेबांनी 1916 मध्ये कोलंबियात भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला, तो काय करून? या मुलीचा विषय मराठवाड्यातील वतने हा आहे. राज्याची शिष्यवृत्ती नसती तर तिला विषय बदलावा लागला असता, नाही तर घरी बसावे लागले असते.

व्हिसा आला. आजीने लंडनविषयी काही विचारले नाही. "पान्याखालची खोली खरंच हाय का गं?" एवढेच विचारले. निघण्याच्या आदल्या आठवड्यात दोघी नळदुर्गला गेल्या. नातीला महिला म्हणून अर्धे तिकीट पडले. आजी पंचाहत्तरीच्या पुढची, तिला तिकीट नव्हतेच.