हिवाळ्यातील लेक टाहो : न गोठणारे पाणी आणि कयाकमधील मासेमारी

अमेरिकेतील कॅलिफोर्निया आणि नेवाडा या राज्यांच्या सीमेवर, सिएरा नेवाडा पर्वतराजीत लेक टाहो हे गोड्या पाण्याचे विशाल सरोवर पसरले आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,८९७ मीटर उंचीवरील हे सरोवर ३५ किलोमीटर लांब आणि १९ किलोमीटर रुंद असून त्याची कमाल खोली ५०१ मीटर आहे. हिवाळ्यात काठावर बर्फाचे थर साचतात, पण सरोवर मात्र गोठत नाही. म्हणूनच ऐन थंडीतही काही हौशी मंडळी कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी घेऊन येथे मासेमारीला उतरतात.

सरोवर का गोठत नाही?

पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असते. वरचे पाणी गार झाले की ते जड होऊन खाली जाते आणि खालचे तुलनेने उबदार पाणी वर येते. टाहोमधील पाण्याचा साठा इतका प्रचंड आहे, की तो गोठण्याइतका गार होण्यापूर्वीच हिवाळा सरतो. वरपासून तळापर्यंत संपूर्ण पाणी ढवळून निघण्याचा प्रकारही सरासरी तीन-चार वर्षांतून एकदाच घडतो. उथळ असलेला एमराल्ड बे हा भाग मात्र काही हिवाळ्यांत गोठला आहे. हिवाळ्याच्या अखेरीस पृष्ठभागाचे तापमान ५ अंशांच्या आसपास असते.

मासे कोणते?

येथील मूळचा मासा म्हणजे लाहोंटन कटथ्रोट ट्राउट. बेसुमार व्यापारी मासेमारी, जंगलतोड, बंधारे आणि बाहेरून आणलेल्या जाती यांमुळे १९३९च्या सुमारास तो टाहोतून नाहीसा झाला. अलीकडच्या काळात तो पुन्हा सोडण्याचे प्रयत्न सुरू झाले. आज कयाकवाल्यांचे मुख्य लक्ष्य असते ते मॅकिनॉ, अर्थात लेक ट्राउट. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस येथे सोडलेला हा मासा गार पाण्याचा भोक्ता आहे. १९७४मध्ये टाहोत सापडलेला सुमारे १७ किलोचा मॅकिनॉ विक्रमी ठरला. एरवी खोलवर राहणारा हा मासा थंडीत वरचे पाणीही गार असल्याने पहाटे उथळ भागाकडे येतो. सोनारच्या साह्याने त्याचा ठाव घेऊन धातूचे जड आमिष तळाशी सोडायचे आणि सावकाश वर-खाली हलवायचे, ही नेहमीची पद्धत आहे. कडाक्याच्या थंडीत गळाच्या काठीवरील कड्यांत बर्फ धरतो. तो वरचेवर काढावा लागतो. मासेमारीसाठी दोहोंपैकी कोणत्याही एका राज्याचा परवाना सरोवरावर चालतो.

खरा धोका

स्वच्छ ऊन आणि आरशासारखे पाणी पाहून धोक्याची कल्पना येत नाही. पाण्यात पडलेला माणूस गारठून मरतो, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु अनेकदा मृत्यू त्याच्या कितीतरी आधी येतो. गार पाण्याचा स्पर्श होताच अनिच्छेने मोठा श्वास घेतला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल, तर पाणी थेट फुफ्फुसात जाते. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे शास्त्रज्ञ गॉर्डन गीसब्रेख्त यांनी यासाठी '१-१०-१' हे सूत्र रूढ केले : श्वास ताब्यात आणायला एक मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती दहा मिनिटे आणि गारठ्याने शुद्ध हरपण्यापूर्वीचा सुमारे एक तास. पण लाइफ जॅकेट नसेल, तर तो तास बहुधा वाट्याला येतच नाही. हातपाय थिजले की पट्टीचा पोहणाराही बुडतो.

वाऱ्याचा धोका वेगळाच. २१ जून २०२५ रोजी, म्हणजे भर उन्हाळ्यात, अचानक आलेल्या वादळात दहा जणांची मोटारबोट येथे उलटली आणि आठ जण मृत्युमुखी पडले.

कोणती काळजी घ्यावी?

- पोशाख हवेच्या नव्हे, तर पाण्याच्या तापमानानुसार असावा. आत पाणी शिरू न देणारा ड्रायसूट आणि त्याखाली लोकरीचे कपडे घालावेत. सुती कपडे टाळावेत.
- लाइफ जॅकेट होडीत ठेवू नये, अंगावर घालावे.
- शिटी आणि जलरोधक पिशवीतील फोन होडीत नव्हे, तर स्वतःजवळ असावा.
- उलटलेल्या कयाकवर पुन्हा चढण्याचा सराव आधी उबदार, उथळ पाण्यात करावा.
- एकट्याने जाऊ नये. काठाजवळच राहावे आणि परतीची वेळ घरी सांगून निघावे.
- वारा उठण्याची चिन्हे दिसताच काठ गाठावा.

सॅन फ्रान्सिस्को परिसरात स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांसाठी टाहो हे हिवाळी सहलीचे ठिकाण आहे. गावच्या विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की ५ अंशांच्या पाण्यात पोहण्याचे कौशल्य फार तर दहा मिनिटे साथ देते. पुढचा भरवसा अंगावरच्या लाइफ जॅकेटचा.