लातूर : सरहद्दीवरच्या पेठेपासून महानगरपालिकेपर्यंत

लातूर : महाराष्ट्राच्या मराठवाडा विभागातील लातूर जिल्ह्याचे मुख्य ठिकाण व महानगरपालिकेचे शहर. लोकसंख्या सुमारे ३ लाख ८३ हजार (२०११). ते बालाघाटच्या पठारावर वसले आहे. मांजरा नदी शहरात न येता उत्तरेकडून निघून जाते. औसा किंवा उदगीरप्रमाणे येथे नावाजलेला किल्लाही नाही. आडत बाजार, रेल्वे आणि शिक्षणसंस्था यांच्या बळावर लातूर वाढले. वस्ती आणि व्यापार आधी वाढले, त्यांना पुरा पडणारा नागरी कारभार मागाहून आला, हे या शहराच्या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

प्राचीन वसती : राष्ट्रकूट राजांच्या लेखांत ‘लत्तलूर’ या मूळ गावाचा अभिमानाने उल्लेख येतो. पुढे सौंदत्तीच्या रट्टांनीही ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ हे बिरुद मिरवले. हे लत्तलूर म्हणजेच आजचे लातूर, असे बहुतेक अभ्यासक मानतात. येथील पापविनाशक मंदिरात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या काळातील शिलालेख असून त्यात गावातील विद्वानांच्या वस्तीचा उल्लेख आहे. सिद्धेश्वर-रत्नेश्वर हे शहराचे जुने देवस्थान असून महाशिवरात्रीला तेथे मोठी यात्रा भरते. सुरत शहावली दर्गाही प्रसिद्ध आहे.

सरहद्दीचा मुलूख : बहमनी राज्य फुटल्यानंतर हा टापू बीदर, अहमदनगर व विजापूर यांच्या हद्दींच्या सांध्यावर आला. लष्करी महत्त्व औसा व उदगीरच्या किल्ल्यांना होते. १६३६ मध्ये दोन्ही किल्ले मोगलांनी घेतले. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी याच परिसरात निजामाचा पराभव केला, तरी हा मुलूख पुढे हैदराबाद संस्थानातच राहिला. विसाव्या शतकात लातूर हे संस्थानाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. पश्चिमेला बार्शी लागली, की ब्रिटिश अंमलातला सोलापूर जिल्हा सुरू होई. इकडे निजामाचा ‘हाली’ रुपया, तिकडे इंग्रजी ‘कलदार’, आणि मालाच्या ये-जावर करोडगिरीची जकात. सरहद्दीपलीकडे माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला भावाबरोबरच दोन नाण्यांचा आणि जकातीचाही हिशेब करावा लागे.

रेल्वे : ही सरहद्द ओलांडून आलेल्या बार्शी लाइट रेल्वेने लातूरचे नशीब पालटले. अडीच फुटी रुळांची ही गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडीकडून बार्शीपर्यंत धावू लागली आणि येडशी, ढोकी, मुरूड असा टप्पा घेत १९११ मध्ये लातूरला पोचली. कुर्डुवाडीला ती मुंबईच्या मोठ्या लोहमार्गाला मिळत असे. त्यामुळे आसपासच्या तालुक्यांतील कापूस, तेलबिया व कडधान्ये बैलगाड्यांनी लातूरला येऊ लागली आणि लातूरहून रेल्वेने बाहेर जाऊ लागली. १ जानेवारी १९५४ रोजी ही रेल्वे सरकारने ताब्यात घेतली. २००७-०८ मध्ये हा मार्ग उस्मानाबादमार्गे रुंद झाला.

गंजगोलाई : व्यापार वाढल्यावर पेठेची आखणी झाली. १९१७ मध्ये नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार गंजगोलाई उभी राहिली. मध्यभागी जगदंबेचे मंदिर, भोवती दुमजली गोलाकार इमारत आणि तेथून फुटणारे सोळा रस्ते, अशी तिची रचना आहे. सराफा, कापड, चपला, मिरची, गूळ अशा मालाच्या ओळी या रस्त्यांवर लागल्या. आडतदार, हमाल, मापाडी आणि गाडीवान यांचा वावर, बैलगाड्या वळण्यासाठी लागणारी जागा आणि ग्राहकाची सोय यांचा मेळ या आराखड्यात दिसतो. मराठवाड्यातील नगररचनेचा हा अव्वल नमुना असून तो जिवंत बाजार म्हणून टिकला आहे, हे त्याचे खरे मोल.

नगरपालिका ते जिल्ह्याचे ठिकाण : सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. सरहद्द संपली, तरी पेठ राहिली. तूर, हरभरा आणि पुढे सोयाबीन यांच्या सौद्यांमुळे लातूरचा भाव राज्यभर पाहिला जाऊ लागला. दयानंद (१९६१) व राजर्षी शाहू (१९७०) या महाविद्यालयांतून ‘लातूर पॅटर्न’ म्हणून ओळखली जाणारी अभ्यासपद्धती घडली आणि परगावचे विद्यार्थी शहरात राहू लागले. शिवराज पाटील चाकूरकर १९६७ ते १९६९ या काळात नगराध्यक्ष होते. शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले जनार्दन वाघमारे यांनीही पुढे हे पद भूषवले. ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादपासून वेगळा होऊन लातूर जिल्हा झाला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर मदत व पुनर्वसनाच्या कामात हे शहर महत्त्वाचे केंद्र ठरले. औसा रोड, बार्शी रोड, अंबाजोगाई रोड, नांदेड रोड अशा रस्त्यांच्या नावांनीच नव्या वसाहती ओळखल्या जाऊ लागल्या.

महानगरपालिका : शेजारच्या नांदेडला उपनगर वाघाळ्यासह १९९७ मध्येच महानगरपालिका मिळाली होती. लातूरची महानगरपालिका २५ ऑक्टोबर २०११ रोजी अस्तित्वात आली. ७० सदस्यांच्या सभागृहाची पहिली निवडणूक २०१२ मध्ये झाली. नगराध्यक्षांच्या जागी महापौर आणि मुख्याधिकाऱ्यांच्या जागी आयुक्त आले.

पाणीप्रश्न : शहराची मुख्य भिस्त बीड जिल्ह्यातील धनेगाव येथील मांजरा धरणावर आहे. सलग अवर्षणाने धरण कोरडे पडल्यावर मार्च २०१६ मध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लागू करावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. नंतर पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. त्याच वर्षीच्या परतीच्या पावसाने धरण भरले, पण प्रश्न मिटला नाही. रेल्वेने पाणी आणणे हा आणीबाणीतला उपाय होता. जलवाहिन्यांची गळती रोखणे, पाऊस जिरवणे, सांडपाणी पुन्हा वापरणे आणि भूजलाचा उपसा आवरणे ही कामे कायमची आहेत. लोकसंख्येच्या निकषावर लातूर महानगर झाले. शेवटच्या वसाहतीतल्या नळाला उन्हाळ्यातही पाणी देणे, ही त्या दर्जाची खरी कसोटी होय.