अंधारातली बाहुली

चष्मा घालवणाऱ्या लेझरच्या इतिहासात आज आपण एका लहानशा मापाकडे बघू: डोळ्याच्या बाहुलीचा व्यास. १९८८ साली अमेरिकेत मार्गरिट मॅक्डोनल्ड यांनी दृष्टी असलेल्या डोळ्यावर पहिल्यांदा हा लेझर वापरला. सुरुवातीच्या त्या वर्षांत कॉर्नियाचा जेमतेम ४-५ मिलिमीटरचा गोल तासायचे. का? तर गोलाचा व्यास दुप्पट केला, की खोली साधारण चौपट लागते. आणि कॉर्निया मध्यभागी असतो अर्धा मिलिमीटर जाड!

दिवसा हे भागायचं. तपासणीच्या खोलीत लख्ख उजेड, डोळ्यापाशी पट्टी धरली, बाहुली ३ मिलिमीटर. झालं. पण तोच माणूस रात्री गाडी चालवायला बसला, की बाहुली ६-७ मिलिमीटर, तरुणांत कधी आणखी मोठी. मग न तासलेल्या कडेतूनही प्रकाश आत शिरणार, आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती खळं पडणार. तक्त्यावरची शेवटची ओळ मात्र तो बिनचूक वाचायचा. त्याची तक्रार कागदावर येणार कुठून?

बरं, अंधारात मोजायचं तर दिवा लावता येत नाही. लावला की बाहुली आकसते. वाट काढली ती इन्फ्रारेड किरणांनी. ते डोळ्याला दिसत नाहीत, कॅमेऱ्याला दिसतात.

पुढे गोल ६ मिलिमीटरच्या वर गेले, कडा उतरत्या झाल्या. गंमत म्हणजे, नंतरच्या अभ्यासांत बाहुलीचं माप आणि रात्रीचा त्रास यांचा संबंध पुसट होत गेला. तरी आमच्या मते हे माप घ्यावंच. समोरचा माणूस रात्रपाळीचा ट्रकचालक असेल, तर त्याची बाहुली अंधारात किती होते, हे लेझर लावण्याआधी त्यालाही कळलं पाहिजे.