काळ्या रेघांची कुळकथा

साबणाची वडी असो कीं चहाचा पुडा, त्याच्या वेष्टणावर उभ्या काळ्या रेघांचा एक लहानसा पट्टा असतो. त्याला बारकोड म्हणतात. गिऱ्हाइकाचें त्याकडे सहसा लक्ष जात नाहीं. परंतु ज्या मालावर तो नाहीं, त्याला मोठ्या दुकानांत बहुधा थारा मिळत नाहीं. हा अधिकार या रेघांना कसा प्राप्त झाला, तें आज पाहूं.

१९४८ सालीं फिलाडेल्फिया येथें किराणा दुकानांच्या एका चालकानें ड्रेक्सेल विद्यालयाच्या अधिकाऱ्यास गळ घातली, कीं मालाची नोंद आपोआप होईल अशी युक्ति शोधून द्या. अधिकाऱ्यानें नकार दिला. पण तें संभाषण बर्नार्ड सिल्व्हर याच्या कानीं पडलें व त्यानें तें आपला मित्र जोसेफ वुडलंड यास सांगितलें. मायामीच्या समुद्रकांठीं बसला असतां वुडलंडला तारायंत्राच्या मोर्स लिपींतील टिंबें आठवलीं. वाळूंत तीं बोटांनीं खालीं ओढतांच जाड-बारीक रेघा उमटल्या! दोघांनीं १९४९ मध्यें पेटंटसाठीं अर्ज केला. १९५२ मध्यें तें मिळालें. परंतु खूण वाचण्यास ५०० वॅटचा दिवा लागे आणि त्याच्या उष्णतेनें कागद करपे. स्वस्त संगणक येण्यापूर्वींच, १९६३ मध्यें, सिल्व्हर वारला.

पुढें किराणा व्यापारी व उत्पादक एकत्र बसले आणि एप्रिल १९७३ मध्यें आय. बी. एम. कंपनींतील जॉर्ज लॉरर यानें आंखलेली खूण त्यांनीं मान्य केली. २६ जून १९७४ रोजीं ओहायोंतील ट्रॉय गांवीं ६७ सेंटांचा च्युइंग गमचा पुडा यंत्रावरून सरकला. या खुणेनें झालेली ही पहिली विक्री.

लोकांना मात्र शंका आली. प्रत्येक नगावरील किंमत नाहींशी झाली, तर दुकानदार फसविणार नाहीं कशावरून? कारण रेघांत किंमत नसतेच. असतो तो केवळ क्रमांक, किंमत दुकानाच्या संगणकांत राहते. म्हणून अमेरिकेंतील कांहीं राज्यांनीं प्रत्येक नगावर किंमत लिहिण्याची सक्ति केली.

१९७७ मध्यें युरोपांतील १२ देशांनीं १३ आंकड्यांची पद्धति स्वीकारली. त्यांतील अखेरचा आंकडा आधींच्या १२ आंकड्यांवरून गणितानें काढतात, म्हणजे वाचनांतील चूक तत्काळ पकडतां येते. भारतांत क्रमांक देणारी संस्था १९९६ मध्यें स्थापन झाली. तिचें आजचें नांव जीएस१ इंडिया. तिच्या क्रमांकांचा आरंभ ८९० नें होतो. परंतु ८९० म्हणजे माल भारतांत बनला, असें नव्हे. क्रमांक भारतीय संस्थेनें दिला, एवढाच त्याचा अर्थ.

घरगुती मसाले करणाऱ्या एखाद्या बाईनें आपला माल मोठ्या दुकानांत नेला, कीं पहिला प्रश्न बारकोडाचा निघतो. ही सक्ति सहसा कायद्याची नसते, बाजाराची असते. तिनें संस्थेकडे नोंदणी करावी, शुल्क भरावें, मग प्रत्येक जिनसाला व प्रत्येक वजनाला निराळा क्रमांक द्यावा. पावशेराचा पुडा वेगळा, अर्धा शेराचा वेगळा. स्वस्त म्हणून तिऱ्हाइताकडून जुना क्रमांक घेतला, तर नोंदवहींत मालकाचें नांव परक्याचेंच राहतें, आणि जागरूक दुकानदार तो माल परत पाठवितो.

वाळूंतल्या त्या रेघांनीं गिऱ्हाइकाचा वेळ वांचविला, हें खरें. पण लहान कारागिराच्या मालाला बाजारांत शिरावयाचें, तर त्याच्या चवीआधीं त्याचा क्रमांक विचारला जातो. तो क्रमांक त्याच्या स्वतःच्या नांवावर असणें, यांतच त्याच्या व्यापाराची खरी सुरक्षितता आहे.