पेरणीची तारीख हीसुद्धा माहितीच असते

पीएचडीसाठी विषय शोधताना आपण सगळे एकच प्रश्न घेऊन बसतो: अजून कोणी काय केलेलं नाही? आज त्याच्या शेजारचा प्रश्न घेऊया. सगळ्यांनी पाहिलंय, पण ‘किरकोळ गडबड’ म्हणून सोडून दिलंय, असं काय आहे? उदाहरण आहे हंगाम सोडून पेरलेल्या भांगेचं.

आधी शब्द नीट करून घेऊ. ‘हेम्प’साठी शब्दकोशात ताग किंवा अंबाडी सापडते. पण आपण हिरवळीचं खत म्हणून शेतात गाडतो तो ताग शेंगवर्गीय, आणि अंबाडी भेंडीच्या कुळातली. युरोपात दोरखंड आणि शिडाच्या कापडासाठी जे पीक घेत, ते कॅनाबिस सटायव्हा, म्हणजे भांगेचंच झाड. जुने कागद वाचताना इथे घसरलात तर पुढचं सगळं चुकतं.

या झाडात बहुधा नर वेगळा, मादी वेगळी. परागकण वाऱ्याने जातात आणि बी मादीवर धरतं. युरोपात वसंतात पेरायचं, उन्हाळ्यात उंच वाढू द्यायचं, दिवस लहान होऊ लागले की फुलोरा, मग बी. म्हणजे वर्षाला एकच पिढी. ज्याला अभ्यासासाठी किंवा वाणासाठी लवकर पिढ्या हव्यात, तो साहजिकच अवेळी पेरून बघणार.

पॅरिसमध्ये ज्युलियाँ तुर्न्वा हा तरुण संशोधक जपानी हॉप आणि भांग यांच्यावर काम करत होता. हे दोघं एकाच कुळातले. 1910 च्या सुमारास त्याला दिसलं की हिवाळ्यात, म्हणजे फार लवकर पेरलेली रोपं अगदी लहान असतानाच फुलतात. वर फुलांमध्ये विकृतीही येते. 1911 मध्ये त्याने यावर टिपण छापलं. विषय काय, तर लवकर पेरणीमुळे येणारे फुलांतले दोष! म्हणजे सुरुवातीला त्याच्याही लेखी हे दोषच होते.

खरी गंमत पुढे आहे. तो तिथेच थांबला नाही. हिवाळा म्हणजे नक्की काय? थंडी? हवेतला ओलावा? की उजेड? त्याने एकेक कारण वेगळं करून तपासलं आणि काही रोपांना दिवसाला फक्त सहा तास उजेड दिला. ती लवकर फुलली. 1914 च्या मोठ्या प्रबंधात तो आणखी एक पाऊल पुढे गेला: दिवस लहान होण्यापेक्षा रात्र मोठी होणं जास्त महत्त्वाचं असावं. त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं आणि तो त्यात मारला गेला. काम तिथेच तुटलं.

पुढचा धागा अमेरिकेत सापडतो. गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांच्याकडे तंबाखूचा ‘मेरीलँड मॅमथ’ वाण होता. उन्हाळ्यात तो नुसता वाढायचा, फुलायचाच नाही, त्यामुळे बी मिळेना. काचघरात हिवाळ्यात मात्र लहानपणीच फुलायचा. 1918 च्या उन्हाळ्यात त्यांनी तंबाखू आणि सोयाबीनची रोपं रोज दुपारी चारपासून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत अंधाऱ्या खोपटात ठेवली. ती फुलली. 1920 च्या त्यांच्या लेखातून ‘फोटोपिरिऑडिझम’ हा शब्द रूढ झाला. 1938 मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी झँथियम या तणावर प्रयोग करून दाखवलं की मोजमाप मुख्यतः रात्रीचं होतं. तुर्न्वाचा अंदाज बरोबर होता, पण ते बघायला तो नव्हता.

लक्षात घ्या, दोन्हीकडे अवेळी पेरणी हाच प्रयोग ठरला. आणि किंमतही कळली: अवेळी बी मिळतं, पण झाड बुटकं राहतं. 1920 च्या दशकात ओहायोत शाफ्नर यांनी हिवाळी भांगेत लिंगबदल नोंदवला. मादी झाडावर नर फुलं आली तर बियाण्याचा बाप कोण हे कसं सांगणार? वाण तयार करणाऱ्यासाठी ही मोठीच अडचण.

हे फार लांबचं वाटत असेल तर आपल्याकडे बघा. महाराष्ट्रात बियाण्यासाठी उन्हाळी सोयाबीन घेतात, तेही हंगामाबाहेरच. हे तेच पीक, जे त्या अंधाऱ्या खोपटात होतं.

तेव्हा विषय शोधताना एक करून बघा. जुने प्रबंध उघडा आणि निष्कर्षांआधी ‘साहित्य व पद्धती’ वाचा. पेरणी कधी, कुठे, काय बिनसलं. ‘अपवादात्मक’ म्हणून बाजूला काढलेल्या ओळी वहीत उतरवा आणि प्रत्येकीसमोर लिहा: वेगळं नक्की काय होतं? या प्रश्नाची उत्तरं एकेक करून तपासता येत असतील, तर विषय तुमच्या हातात आहे.